काळ्या ग्रीसमधल्या इलेक्ट्रॉनची फेरी

अमळनेर-पारोळ्याकडच्या कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजात क्रॉस बसवणाऱ्या मेकॅनिकची बोटं बघा, काळ्या ग्रीसने माखलेली असतात. स्पेअर पार्टच्या दुकानात विचारणा होते, ‘साधं जोयजे का मॉलीवालं?’ मॉलीवाल्याचा तो करडा-काळा रंग मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा. गंधक, मॉलिब्डेनम, पुन्हा गंधक असा तीन अणूंच्या जाडीचा एक थर, आणि असे असंख्य थर एकावर एक. थराच्या आतले बंध पक्के, पण दोन थरांमधली ओढ अगदी ढिली. दाब आला की थर एकमेकांवरून सरकतात आणि बेअरिंग वाचतं.

यातला एकच थर सोलून काढला तर त्याची जाडी भरते जेमतेम 0.65 नॅनोमीटर. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांनी मँचेस्टरमध्ये चिकटपट्टी लावून ग्रॅफाइटचा एकेरी थर, म्हणजे ग्रॅफिन, वेगळा केला. ते काम 2004 साली प्रसिद्ध झालं आणि 2010 चं नोबेल त्यांना मिळालं. मॉलिब्डेनम डायसल्फाइडही त्याच युक्तीने सुटतं. सुटल्यावर मात्र त्यातल्या इलेक्ट्रॉनांची चाल बदलते.

इलेक्ट्रॉनकडे चुंबकत्वाची दोन भांडवलं असतात. एक स्पिन, ते त्याच्या अंगचंच. दुसरं कक्षीय, म्हणजे फिरण्यातून येणारं. प्रभार गोल फिरला की चुंबक तयार होतो, हे शाळेतलंच. बीएस्सीला आपण शिकतो की घन पदार्थात हे दुसरं भांडवल जवळपास बुडीत खात्यात जातं. शेजारच्या अणूंच्या विद्युतक्षेत्रामुळे उजवी आणि डावी फेरी सारख्या प्रमाणात मिसळतात, बेरीज शून्याजवळ येते. लोखंडाच्या चुंबकत्वात 90 टक्क्यांहून जास्त वाटा स्पिनचा असतो, तो यामुळेच. साहजिकच अनेक दशकं सगळे स्पिनच्या मागे लागले आणि कक्षीय भागाची बोळवण तळटीपेत झाली. माझ्या मते ती जरा घाईच होती.

एकेरी थर वरून पाहिला तर षटकोनांची जाळी दिसते. तिच्या कोपऱ्यांवर आलटून पालटून मॉलिब्डेनम आणि गंधक. या जाळीत इलेक्ट्रॉनला कमी ऊर्जेत राहण्यासाठी संवेगाच्या दोन जागा मिळतात. त्यांना दऱ्या म्हणतात, एक के आणि दुसरी के-प्राइम. दोन्हींची ऊर्जा सारखीच, फरक फक्त फिरण्याच्या दिशेत. शेजारी शेजारी दोन तेलघाण्या असाव्यात, एकीचा बैल उजवीकडून फिरणारा, दुसरीचा डावीकडून, तसं हे. इथे इलेक्ट्रॉन एखाद्या अणुकेंद्राभोवती फिरतो असं मात्र समजू नका. जाळीतून पुढे सरकणारा त्याचा तरंगपुंज स्वतःभोवतीही वळत असतो, आणि त्या वळण्यातून कक्षीय चुंबकत्व येतं.

दोन्ही दऱ्या सारख्याच भरल्या तर हिशेब पुन्हा शून्यच. त्यांना वेगळं करायला वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश लागतो, म्हणजे ज्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरत पुढे जातं असा. एका दिशेने फिरणारा प्रकाश एकाच दरीतले इलेक्ट्रॉन उचलतो, हे 2012 मध्ये प्रयोगांतून दिसलं. 2014 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने असा प्रकाश टाकून थरातून प्रवाह सोडला, तर प्रवाहाला आडवा विद्युतदाब मिळाला. अशा आडव्या दाबालाच हॉल परिणाम म्हणतात, आणि नेहमीच्या हॉल परिणामासाठी चुंबक लागतो. इथे चुंबक नव्हताच.

ग्रॅफिनची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. कार्बनमध्ये ना लोखंड ना निकेल. तरीही दोन थर सुमारे 1.1 अंशाने तिरके ठेवले की अणूंची नक्षी दर 13 नॅनोमीटरनंतर पुन्हा येते, आणि त्या मोठ्या चौकटीत, दहा हजारांहून जास्त अणूंच्या, इलेक्ट्रॉन मंदावतात. एकमेकांच्या धाकाने ते सगळे एकाच दरीत गोळा होऊ शकतात. तसं झालं की आख्खा थर चुंबक बनतो, आणि हा चुंबक मुख्यतः फेऱ्यांच्या जोरावर चालतो. स्टॅनफर्डच्या गटाला 2019 मध्ये अशा चुंबकत्वाची खूण सापडली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या गटाने अवघ्या एका नॅनोॲम्पिअरच्या प्रवाहाने त्याची दिशा उलटवून दाखवली. मेहनत सगळी काही केल्व्हिन तापमानात. भुसावळच्या मे महिन्यात हा चुंबक टिकण्याची आशा नको.

यात पैशाचाही भाग आहे. प्रवाह सोडून स्पिन वेगवेगळ्या कडांना पाठवायचे तर प्लॅटिनम, टंगस्टन, टँटलमसारखे जड धातू लागतात, कारण स्पिन आणि फिरणं यांचा सांधा जड अणूंमध्येच घट्ट असतो. जळगावच्या सराफ बाजारातल्या सोन्याचा पिवळेपणासुद्धा जड केंद्राचीच करणी: त्याभोवतीचे इलेक्ट्रॉन इतके वेगवान असतात की सापेक्षतेचे नियम लागू करावे लागतात. कक्षीय फेऱ्या कडांना पाठवायला हा जडपणा लागत नाही, असं 2005 मध्ये सिलिकॉनसाठी गणिताने दाखवलं गेलं होतं. 2023 मध्ये टायटॅनियम या हलक्या धातूत त्याचा पुरावा मिळाला. धातूवर पडून परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण किंचित वळलं, आणि ते वळण स्पिनच्या हिशेबात बसत नव्हतं.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थरातही हा कक्षीय हॉल परिणाम चांगला मोठा असावा, असं 2020 मध्ये भोवाल आणि सत्पथी या भौतिकशास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं. तो मोजताना अडचण येते ती अशी, की एकाच थरात दऱ्यांचा परिणाम आणि फेऱ्यांचा परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात. कडेला जे जमा झालं ते नेमकं कोणाचं, ठरवता येत नाही. दोन थर नैसर्गिक रचनेत ठेवले की सममितीमुळे दऱ्यांचा परिणाम पुसला जातो. 2021 च्या एका गणितानुसार फेऱ्यांचा मात्र शिल्लक राहतो. म्हणजे एकेरीपेक्षा दुहेरी थरातच हा निवाडा जास्त स्वच्छ होईल.