आपत्कालीन दिवे आणि डोळ्यांतील रसायन

जिन्यात बॅटरीवर चालणारे आपत्कालीन दिवे बसवण्याचा विषय गृहनिर्माण संस्थेच्या सभेत निघाला की दोन आक्षेप हमखास ऐकू येतात : जनरेटर असताना हा वेगळा खर्च कशाला, आणि दिवे गेले तरी थोड्या वेळाने डोळे अंधाराला सरावतातच. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात, आणि त्याची वीज ज्या केबलमधून जिन्यापर्यंत यायची ती केबलच आगीत सापडलेली असू शकते. दुसरा आक्षेप मात्र डोळ्याच्या कार्याविषयीच्या गैरसमजातून येतो, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा.

दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकुपेशी उजेडात काम करतात आणि रंग व बारकावे दाखवतात. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधुक प्रकाशासाठी असतात. दंडपेशीत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. ऑप्सिन हे प्रथिन आणि जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला, मध्येच वाकलेला रेटिनालचा रेणू मिळून ते तयार होते. प्रकाशाचा एक कण आदळला की हा वाकलेला रेणू सरळ होतो, त्यामुळे प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची सुरुवात होते. परंतु सरळ झालेला रेणू दंडपेशीत पुन्हा वाकत नाही. तो प्रथिनापासून सुटतो, दृष्टिपटलामागच्या रंजकपेशींच्या थरात नेला जातो, तेथे एका विकराच्या साहाय्याने पुन्हा वाकवला जातो आणि मग परत येऊन ऑप्सिनला जोडला जातो. अंधाराला सरावणे म्हणजे प्रामुख्याने ही फेरी पूर्ण होणे. डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते हे खरे. पण तिचा व्यास २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झाला तरी आत येणारा प्रकाश फक्त १६ पट वाढतो, तर डोळ्याची संवेदनशीलता लाखपटींनी वाढायची असते. प्रखर उजेडानंतर शंकुपेशी सुमारे दहा मिनिटांत सावरतात, दंडपेशींना अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक लागतो. घरातल्या साध्या उजेडात ऱ्होडॉप्सिनचा थोडाच भाग खर्च होतो आणि त्यामुळे हा काळ कमी होतो. तथापि थोडे रंगद्रव्य खर्च झाले तरी संवेदनशीलता त्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक घटते. उतारवयात ही फेरी आणखी मंदावते, बाहुली पूर्ण उघडत नाही आणि भिंगही पिवळसर झालेले असते. धूर जिन्यात शिरत असताना इतका वेळ कोणापाशीच नसतो.

म्हणूनच डोळ्याला सरावण्याची वेळच येऊ नये, असा आपत्कालीन प्रकाशाचा हेतू असतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतील आकडे या दृष्टीने पाहावेत. नेहमीचा पुरवठा खंडित झाल्यापासून ५ सेकंदांत दिवे लागले पाहिजेत, सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीलगत किमान १० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाश असला पाहिजे आणि तो किमान ९० मिनिटे टिकला पाहिजे. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते आणि त्यात रंग जवळपास दिसत नाहीत. १० लक्समध्ये शंकुपेशी काम करत राहतात, त्यामुळे पायरीची कड आणि दाराची मूठ दिसते. प्रकाश अंधुक होत गेला की तांबडा रंग आधी काळवंडतो, हे एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये यांनी नोंदवले होते. शंकुपेशी ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला आणि दंडपेशींची दृष्टी ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असते. निर्गम-फलकाचा हिरवा रंग दोन्हींच्या टप्प्यात येतो.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावरील रोहित्राला आग लागली आणि ५९ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून. आपत्कालीन आणि निर्गमदर्शक दिव्यांची व्यवस्था तेव्हा काम देत नव्हती, हे न्यायालयीन नोंदींत आहे. असे असताना वास्तुदोषाच्या नावाखाली दक्षिणेकडचे दार कायमचे बंद करायला सांगणारे सल्लागार आजही सापडतात, ही गोष्ट संताप आणणारी आहे. दिशेच्या अशुभपणाला कोणताही भौतिक आधार नाही. सुटकेचा मार्ग बंद करण्याने होणारी हानी मात्र प्रत्यक्ष आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आग प्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर आहे, आणि परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यांत अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावे लागते. हा कागद खरा ठरतो तो बॅटरीवर. चाचणीचे बटण दाबल्यावर दिवा लागला, एवढ्यावरून बॅटरीत क्षणभराचा दाब आहे इतकेच कळते, ती किती वेळ पुरेल हे कळत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढल्यास साधारण निम्मे होते, आणि गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर उन्हाळ्यात ती सतत तापत असते. तेव्हा ‘आजन्म देखभालमुक्त’ या जाहिरातीवर विसंबू नये. वर्षातून एकदा पुरवठा तोडून दिवे पूर्ण ९० मिनिटे जळू द्यावेत आणि जे आधी मंदावतील त्यांच्या बॅटऱ्या बदलाव्यात. रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला बरेच तास लागतात, म्हणून ही चाचणी एका दिवशी एकाआड एक दिव्यांची घ्यावी आणि उरलेल्यांची पहिले पूर्ण भरल्यानंतरच.