बौद्ध, नवबौद्ध आणि मधली 34 वर्षे

येत्या जनगणनेत सगळ्यांचीच जात विचारली जाणार, हे एप्रिल 2025 मध्ये जाहीर झाले. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भ तारीख. उत्तर नागपुरात मात्र ही बातमी जरा वेगळ्या कानांनी ऐकली गेली. धर्माच्या रकान्यात काय लिहायचे यावर इथे वाद नाही. अडते ते त्याच्या शेजारच्या रकान्यावर. तिथे 'बौद्ध' लिहिले तर यादीत अशी जातच नाही. 'महार' लिहिले तर आजोबांनी 1956 मध्ये दसऱ्याच्या दिवशी बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन जे सोडले तेच नातवाने पुन्हा हातात घेतल्यासारखे होते. आणि सरकारचा लाडका शब्द लिहावा, तर 'नवबौद्ध' हा ना धर्म, ना जात. हा गुंता जनगणनेने तयार केलेला नाही. तो 1950 पासूनचा आहे.

बुद्धाचे चरित्र, चार आर्यसत्ये, अशोकाने धम्म कुठवर नेला, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. विदर्भापुरते दोन पुरावे तेवढे सांगतो, कारण 'नागपूरचा बौद्ध धर्म 1956 चा' असे बोलण्याची आपल्याला सवय लागली आहे. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी आहे. तिथे 1969-70 मध्ये उत्खनन झाले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली मोठा स्तूप निघाला. सापडलेल्या शिल्पांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागही होता. दुसरा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकच्या शिळेचा. तिच्यावर मौर्यकालीन ब्राह्मीत प्राणी धरण्या-मारण्याला मनाई करणारी आज्ञा आहे. पुढे त्याच दगडावर वाकाटक राजा रुद्रसेनाने आपला लेख कोरून घेतला. एका दगडावर दोन नोंदी, आणि दुसरी लिहिताना पहिलीची कदर नाही! आपल्याकडच्या कागदपत्रांची परंपरा तशी जुनीच म्हणायची.

मध्ययुगात हा धागा तुटतो, म्हणून सरळ विसाव्या शतकात येऊ.

दीक्षेसाठी नागपूरच का, याचे उत्तर बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात स्वतःच दिले. बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक होते, त्यांची वस्ती या भागात होती आणि नाग नदी याच गावातून वाहते, असे त्यांचे म्हणणे. नागपुरात मुख्यालय असलेल्या आणि दसऱ्यालाच वर्धापन दिन पाळणाऱ्या संघटनेला खिजवण्यासाठी हे गाव निवडले, या समजाला त्यांनी त्याच भाषणात नकार दिला. तरी तो समज आजही दर दसऱ्याला कुणीतरी नव्याने शोधून काढतो. नागांविषयीच्या विधानावर इतिहासकारांनी शंका घ्यायच्या त्या घेतल्या आहेत. पवनीचा मुचलिंद मात्र त्या भाषणानंतर तेरा वर्षांनी जमिनीतून वर आला, ही गंमत नोंदवून ठेवावी.

माझ्या मते या नदीइतकेच वजन कापडगिरण्यांना द्यायला हवे. एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली. गिरणीतला रोजगार आणि त्याआधीचा जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा, यामुळे नागपूर-कामठीकडच्या महार समाजाचे पोट गावकीवर पूर्णपणे अवलंबून नव्हते. ज्याचे पोट पाटलाच्या हातात नसते त्याला धर्म बदलणे थोडे सोपे जाते. इथे संघटनही जुने होते. मे 1920 ची बहिष्कृतांची परिषद शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरली. ऑगस्ट 1930 चे दलित वर्गांचे अधिवेशन इथेच झाले आणि जुलै 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही इथेच जन्माला आला. 1935 मध्ये येवल्याला झालेली धर्मांतराची घोषणा प्रत्यक्षात यायला एकवीस वर्षे लागली. पण ती उतरवण्याची जागा तोवर तयार झाली होती.

14 ऑक्टोबरचा प्रसंग सर्वांना पाठ आहे. लस संस्थेजवळचे मैदान, कुशीनाऱ्याहून आलेले वयोवृद्ध ब्रह्मी भिक्खू, त्रिशरण-पंचशील आणि मग बाबासाहेबांनी स्वतः दिलेल्या बावीस प्रतिज्ञा. गर्दीचे आकडे तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत सांगितले जातात. 16 तारखेला चंद्रपूरला पुन्हा दीक्षा झाली. त्या वर्षी दसरा आणि 14 ऑक्टोबर एकाच दिवशी आले. पुढच्या वर्षापासून तिथी आणि तारीख वेगळ्या पडल्या, आणि नागपूरचा मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो म्हणून 'आपण पंचांग का पाळायचे?' हा प्रश्नही तेव्हापासून चालू आहे. चंद्रपूरने तारीख धरली.

एक गोष्ट सहसा निसटते. दीक्षा झाली त्या दिवशी नागपूर महाराष्ट्रात नव्हते. महाराष्ट्र राज्यच नव्हते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे साडेतीन वर्षांत सरकारे तीन. ज्या समाजाने नुकताच धर्म बदलला होता, त्याला सवलतींच्या अर्जाचा पत्ताही बदलत राहावा लागला.

आता मूळ गाठीकडे. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक अट आहे: हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. तेव्हा पंजाबातल्या शीख समाजातल्या चार जातींपुरता अपवाद ठेवला होता. ही अट इंग्रजांकडून जशीच्या तशी आली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे. 1936 च्या ब्रिटिश आदेशात भारतीय ख्रिश्चनांना वगळले होते. बौद्धांना वगळले होते ते फक्त बंगालपुरते. मध्य प्रांत-वऱ्हाडातला एखादा महार 1940 मध्ये बौद्ध झाला असता, तर त्या आदेशाच्या शब्दांनी त्याला यादीबाहेर काढले नसते. 1950 च्या आदेशाने काढले. स्वतंत्र भारताने इथे वगळण्याची कक्षा वाढवली, हे साधे सत्य 'वारसा' या शब्दाखाली झाकले जाते.

दीक्षा घेणाऱ्यांना हे माहीत नव्हते असे नाही. 'सवलतींचे काय?' हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. 15 तारखेच्या भाषणातला त्यावरचा आशय असा, की ज्याने हक्क मिळवून दिले तो पुन्हा मिळवून देईल. त्यानंतर बावन्न दिवसांनी, 6 डिसेंबरला, ते आश्वासन देणारा माणूसच गेला. त्याच 1956 मध्ये संसदेने तिसऱ्या परिच्छेदात दुरुस्ती करून शीख धर्माचा समावेश सरसकट केला. बौद्धांसाठी तशीच एका शब्दाची दुरुस्ती व्हायला 1990 उजाडले. चौतीस वर्षे, एका शब्दाला.

या चौतीस वर्षांत काय झाले? महाराष्ट्र झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीत शिष्यवृत्त्या, वसतिगृहे आणि राज्याच्या नोकऱ्या दीक्षा घेतलेल्यांना खुल्या केल्या. श्रेय द्यायला हवे, कारण इतर राज्यांतल्या बौद्धांना एवढेही सहज मिळाले नाही. पण केंद्राची नोकरी, लोकसभा आणि विधानसभेच्या राखीव जागा राज्याच्या हातात नव्हत्या. 1962 च्या निवडणुकीत विदर्भातल्या एका राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराविरुद्ध तक्रार गेली, की हे गृहस्थ तर बौद्ध झाले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. धर्म 'मानणे' म्हणजे काय, हा तिथला प्रश्न. न्यायालयाने अर्थ लावला तो उघडपणे जाहीर करण्याचा. चारचौघांत बौद्ध असल्याचे सांगितले, मग या आदेशापुरते हिंदू उरला नाहीत, आणि राखीव जागाही गेली. मनात काय आहे ते कुणी विचारले नाही. विचारले ते तोंडाने काय सांगितले एवढेच.

निकालाचा व्यवहारी अर्थ वस्तीत कुणी समजावून सांगावा लागला नाही. घरात बुद्धमूर्ती, दारात निळा झेंडा, वैशाखी पौर्णिमेला खीर, आणि रेल्वेच्या किंवा टपाल खात्याच्या अर्जावर 'हिंदू महार'. एकाच घरातल्या दोन भावांचे शाळेचे दाखले दोन धर्मांचे. याला ढोंग म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. पण ढोंग करायला कुणी भाग पाडले, हे आधी बघावे.

शिरगणतीचे आकडे या पार्श्वभूमीवर वाचायला हवेत. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1951 मध्ये बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. 1961 मध्ये ते झाले 27.9 लाख. ही उडी सगळे सांगतात. मी दुसरी उडी जास्त बोलकी मानतो. राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण 1981 मध्ये सुमारे 7 टक्के होते, ते 1991 मध्ये सुमारे 11 टक्के झाले. दहा वर्षांत इतकी मुले कुणाच्या घरी जन्मत नाहीत. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना पुन्हा मोजणीत घेतले, त्याचा हा आकडा. माणसे तिथेच होती, त्याच वस्त्यांत आणि त्याच चाळींत. फक्त सरकारच्या वहीत नव्हती.

आणि याच रिकाम्या जागेत 'नवबौद्ध' हा शब्द रुजला. त्याची दोन मुळे वेगळी काढून दाखवली पाहिजेत, नाहीतर वाद भलतीकडे जातो. दीक्षेच्या आदल्या दिवशी पत्रकारांनी विचारले, तुमचा बौद्ध धर्म कोणता, हीनयान की महायान? त्या बोलण्यात 'नवयान' हा शब्द आला. तिथे 'नव' धम्माला लागला होता. जुन्या पंथांच्या भांडणात न पडता बुद्धाकडे नव्याने पाहण्याचा तो अर्थ. सरकारी परिपत्रकांतला 'नव' माणसाला लागला. कालपर्यंत यादीत असलेला, आज नसलेला, तरी राज्याला मदत द्यायची आहे असा माणूस. पहिल्यात अभिमान आहे, दुसऱ्यात फक्त सोय.

सोय होती हे मान्य करू. 1960 ते 1990 या काळात सवलतींचा हक्कदार कोण, हे सांगायला राज्याला एखादा शब्द हवाच होता, आणि त्याच्यामुळे हजारो मुले वसतिगृहात राहून शिकली. पण 1990 नंतर तो शब्द कशासाठी? समाजकल्याणाच्या योजनांच्या नावांत आजही 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे छापलेले असते. तिसऱ्या-चौथ्या पिढीतली मुलगी, जिच्या आजीचाही जन्म 1956 नंतरचा, ती 'नव' कशी? बोलताना तर त्याचा अर्थ आणखी घसरला. 'ते नवबौद्ध आहेत' असे जरा आवाज खाली आणून म्हणणारा माणूस धर्माविषयी बोलत नसतो, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. जातीचे नाव टाळण्याच्या सभ्यतेतून नवे जातीचे नाव तयार झाले.

1990 ने प्रश्न सुटला, पण दाखल्याची उठाठेव वाढली. आता जात प्रमाणपत्र मिळते ते 'बौद्ध धर्मात धर्मांतरित अनुसूचित जाती' म्हणून, आणि त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो, तोही 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. मग तहसीलमध्ये कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा, पणजोबांच्या शाळेचे दाखल-खारिज रजिस्टर शोधा. शाई उडालेल्या ओळीत 'महार' हे तीन अक्षरांचे नाव सापडले की घरात आनंद होतो. हा आनंद मी जवळच्या घरांत पाहिला आहे, आणि दर वेळी मला थोडे चमत्कारिक वाटले आहे. पुढे जात पडताळणीत तेच कागद पुन्हा.

कायद्याचा आणखी एक पदर बघा. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे लग्नापुरते बौद्ध हिंदूंच्या कायद्यात, आणि सवलतींपुरते 1990 पर्यंत हिंदूंच्या बाहेर. एकाच माणसाला सरकारने एका दालनात आत घेतले आणि दुसऱ्या दालनातून बाहेर काढले. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी यातूनच पुढे आली.

हल्ली दीक्षाभूमीचा वाद म्हटले की लोकांना आठवते ते भूमिगत पार्किंग, 1 जुलै 2024 चे आंदोलन आणि थांबलेले खोदकाम. ते प्रकरण मोठे आहे आणि स्वतंत्रपणे लिहिण्यासारखे आहे. स्तूपाचे कामही 1978 पासून रेंगाळत 2001 च्या डिसेंबरात लोकार्पणाला पोहोचले होते. पण दगडावरचे वाद निदान डोळ्यांना दिसतात.

2011 च्या मोजणीत देशातल्या 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रात होते. पुढच्या मोजणीत यातल्या प्रत्येक घरी प्रगणक येईल, धर्म विचारेल, मग जात विचारेल. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 59 नोंदी आहेत. महार 37 व्या क्रमांकावर आहे.