संरक्षणगृह

संरक्षणगृह : देहव्यापारासाठी झालेल्या मानवी तस्करीतून सोडवलेल्या, तसेच स्वतःहून आश्रय मागणाऱ्या स्त्रियांसाठी कायद्याने मान्य केलेली निवासी संस्था. महाराष्ट्रात शासनाची महिला राज्यगृहे आणि परवानाधारक स्वयंसेवी संस्था अशा दोन्ही ठिकाणी ही सोय असते. तेथे राहिलेल्या बायका आणि पोलीस दोघेही तिला नुसते ‘होम’ म्हणतात. अठरा वर्षांखालील मुलींसाठी बाल न्याय कायद्याखालील बालगृहे, तर कौटुंबिक हिंसाचाराने घराबाहेर पडलेल्यांसाठी आधारगृहे वेगळी असतात; व्यवहारात मात्र ही सीमारेषा बऱ्याचदा पुसट होते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील अशा संस्थांचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या जागेत काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाला आद्य संस्था मानण्याचा प्रघात आहे. त्याच्या स्थापनेचे साल काही ठिकाणी १८५३, तर काही ठिकाणी १८६३ असे दिलेले आढळते. पहिले साल अलीकडच्या लोकप्रिय लेखनात आणि जयंती-पुण्यतिथीच्या मजकुरात विशेष दिसते. दुसऱ्या सालाला फुल्यांच्याच लेखनाचा आधार आहे. बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविषयी १८८४ मध्ये लिहिलेल्या टिपणात त्यांनी काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत सांगितली आहे. ही बाई त्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. फसवणुकीतून तिला दिवस गेले, जन्मलेले मूल तिने मारले आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुले ही घटना १८६३ ची म्हणून सांगतात आणि तिच्यानंतर लगेच हे गृह काढल्याचे नमूद करतात. त्यामुळे १८६३ हे साल स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते. १८५३ मागे नुसता अंकाचा घोटाळा असावा की आधीच्या एखाद्या प्रयत्नाची आठवण, हे सांगण्याइतका पुरावा पुढे आलेला नाही.

याच टिपणात पस्तीस गरोदर विधवा गृहात येऊन बाळंत झाल्याचे फुल्यांनी लिहिले आहे. त्यांच्या मुलांपैकी तेव्हा पाचच हयात होती. बाकीची दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेली जहाल औषधे त्यांना पोटातच बाधली होती, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘सुधारक दांपत्याने अर्भके वाचवली’ एवढ्यावरच थांबणाऱ्या चरित्रांत हा तपशील क्वचितच येतो. फुल्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा येथेच जन्मलेला.

या गृहाला संरक्षणगृहाचा पूर्वज म्हणावे का, हा खरा वादाचा मुद्दा आहे. तेथे येणारी स्त्री आपण होऊन, बहुधा रात्री लपतछपत येई आणि बाळंतपण उरकून जाई. तिला कोणी पकडून आणत नसे आणि ठेवूनही घेत नसे. पंढरपूर येथे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेले आणि पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने चालवलेले बालहत्या प्रतिबंधक गृह याच घाटाचे होते. पंडिता रमाबाईंचे कार्य त्यामानाने आजच्या कल्पनेला जवळचे आहे. १८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदा सदन मुख्यतः विधवांच्या शिक्षणासाठी होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून अनेक मुली घेऊन आल्या. दुष्काळी छावण्यांतील निराधार मुलींवर दलालांचा डोळा असल्याचे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या केडगाव येथील मुक्ती सदनाच्या आवारात पुढे वाममार्गाला लागलेल्या किंवा लावलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ हा स्वतंत्र विभाग निघाला. ज्या स्त्रीला कोणत्याच आश्रमात थारा नव्हता तिच्यासाठी निवास, हाताला काम आणि कायमचा आसरा एकत्र देण्याचा मराठी मुलखातील हा बहुधा पहिला प्रयत्न असावा. धर्मांतराच्या वादामुळे रमाबाईंच्या कार्याचे मूल्यमापन दीर्घकाळ एकांगी राहिले आणि कृपा सदनाकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

संरक्षणगृहाचा दुसरा वंश पोलिसी कायद्यांतून येतो. मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर अनैतिक व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केल्यामुळे १९५६ चा केंद्रीय कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीने त्याला आजचे ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ हे नाव मिळाले. ‘पिटा’ म्हणून तो ओळखला जातो. आजच्या गृहाला रमाबाईंपेक्षा या दुसऱ्या वंशाचेच वळण अधिक आहे.

कायदेशीर चौकट : छाप्यात सापडलेल्या स्त्रीला ‘पिटा’च्या कलम १७ खाली दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते. चौकशी चालू असताना तिला जास्तीत जास्त तीन आठवडे सुरक्षित ताब्यात ठेवता येते. तिला काळजी व संरक्षणाची गरज आहे असे ठरल्यास एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. या कामी पाच प्रतिष्ठित व्यक्तींच्या मंडळाचे साहाय्य घेण्याची तरतूद असून त्यांत शक्यतो तीन स्त्रिया असाव्यात असे कायदा म्हणतो. कलम १७-अ प्रमाणे आई-वडील, पालक किंवा नवरा यांच्या हवाली करण्यापूर्वी ते सांभाळ करण्यास खरोखर समर्थ आहेत का, याची मान्यताप्राप्त संस्थेमार्फत खात्री करता येते. कलम १९ खाली एखादी स्त्री स्वतः अर्ज करून गृहात राहू शकते. फुल्यांच्या गृहाशी नाते सांगणारी तरतूद म्हणायची तर एवढीच. तिचा वापर तुरळक आहे.

प्रत्यक्षात कसोटी लागते ती गृहचौकशीची. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी मुलीच्या गावी जाऊन किंवा तेथील संस्थेला पत्र लिहून माहिती मागवतो. दरम्यान न्यायालयाच्या आवारात ‘मावशी’ किंवा ‘मोठी बहीण’ म्हणून कोणी उभी राहते, रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे करते आणि मुलीला घरी नेण्याची परवानगी मागते. ती खरी नातेवाईक की घरवालीने (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने) पाठवलेली, हे ओळखणे अनुभवी अधीक्षिकेलाही जड जाते. मुलीचे वय हा तितकाच अडचणीचा प्रश्न आहे. जन्मदाखला नसल्यास हाडांच्या तपासणीवर भिस्त ठेवावी लागते, आणि तिचा अंदाज एक-दोन वर्षांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. त्या एक-दोन वर्षांवर मुलगी बालकल्याण समितीकडे जाणार की दंडाधिकाऱ्याकडे, हे ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ‘प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सोडवलेली अल्पवयीन मुलगी ही काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, असे स्पष्ट करून दंडाधिकाऱ्यांनी अशा मुली परस्पर सोडण्याला आळा घातला. याचिकाकर्ती संस्था १९८६ पासून कामाठीपुरा या मुंबईतील वेश्यावस्तीत काम करणारी असून तेथील स्त्रियांच्या मुलांसाठी तिने चालवलेले रात्रनिवारा केंद्र विशेष प्रसिद्ध आहे.

१९९६ चा अनुभव : फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईत मोठ्या प्रमाणावर छापे पडले आणि शेकडो मुली सोडवण्यात आल्या. त्यांत नेपाळी मुलींचे प्रमाण मोठे होते. गृहांत इतक्या जणींना जागा नव्हती, दुभाषे नव्हते आणि नेपाळ सरकार त्यांना परत घेण्यास कचरत होते. अखेरीस त्याच वर्षी नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढे होऊन शंभरावर मुलींना मायदेशी नेले. सुटका ही पोलिसांची कारवाई आणि पुनर्वसन हे नंतर पाहू, अशी जी विभागणी चालत आली होती तिच्या उणिवा या घटनेत उघड झाल्या.

संमतीचा प्रश्न : सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवावे का, यावर अभ्यासक व कार्यकर्ते यांत दोन तट आहेत. धमकी आणि कर्ज यांखाली दबलेली स्त्री छाप्यानंतर लगेच खरे बोलू शकत नाही, म्हणून काही काळ तिला त्या वातावरणापासून दूर ठेवणे भाग आहे, असे एक पक्ष मांडतो. सांगलीची संग्राम ही संस्था व तिच्याशी जोडलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही देहव्यवसायातील स्त्रियांची संघटना यांनी याउलट, छापा आणि सक्तीचा मुक्काम हाच अनेकींना अन्याय वाटतो, अशी भूमिका घेतली आहे. न्यायालयांचा अलीकडचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन सज्ञान तरुणींना ठेवून घेण्याचा आदेश रद्द केला. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहव्यवसायातील स्त्रियांच्या हक्कांविषयीच्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेची कालबद्ध कार्यवाही करण्यास राज्यांना सांगितले. पहिल्या पक्षाच्या शंकेला या निर्णयांतून पूर्ण उत्तर मिळते असे नाही. मात्र एक वर्षाचा मुक्काम ठोक पद्धतीने ठरवण्याची रीत टिकण्यासारखी नव्हती.

पूरक सेवा : मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, महापालिका रुग्णालयांतील ‘दिलासा’ केंद्रे, २०१५ पासूनची ‘सखी’ केंद्रे आणि १८१ ही मदतवाहिनी यांचा आधार तस्करीग्रस्तांनाही मिळू शकतो; मूळ रचना मात्र हिंसाचारग्रस्त स्त्रियांसाठीची आहे. व्यवसाय-प्रशिक्षण हा गृहांचा दुबळा भाग राहिला. शिवण, भरतकाम आणि मेणबत्त्या यांवर कोणाचे पोट भरत नाही, हे गृहांतील कर्मचारीच सांगतात. गोव्यात बायणा येथील वेश्यावस्ती २००४ मध्ये हटवल्यानंतर ‘अर्ज’ या संस्थेने उभारलेले यांत्रिक धुलाई केंद्र हा वेगळा प्रयोग होय. तेथे प्रशिक्षणार्थीला पहिल्यापासून पगार मिळतो.

बांगलादेशी स्त्रियांचा मुक्काम सर्वांत लांबतो. पत्त्याची व नागरिकत्वाची पडताळणी त्यांच्या देशातून होऊन यावी लागते, मगच प्रवासाची कागदपत्रे मिळतात. जून २०१५ मध्ये दोन्ही देशांत तस्करी रोखण्याबाबत सामंजस्य करार झाला.

केंद्राच्या तस्करीग्रस्तांसाठीची उज्ज्वला (२००७) आणि निराधार स्त्रियांसाठीची स्वाधार गृह या योजना आता ‘मिशन शक्ती’खालील ‘शक्ती सदन’मध्ये एकत्र झाल्या आहेत. ‘पिटा’च्या कलम २१ खालील परवान्याची अट मात्र तशीच आहे. त्यामुळे तस्करीग्रस्तांना ठेवणाऱ्या संस्थेला अनुदानासाठी एक आणि न्यायालयाच्या आदेशाने आलेल्यांना ठेवून घेण्यासाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र व्यवस्थांना तोंड द्यावे लागते.