वाचन आकलन (लहान मुलांचं)

वाचन आकलन म्हणजे वाचलेल्या मजकुराचा अर्थ लागणं. काय झालं, कुणी केलं, का केलं, आणि जे लिहिलेलंच नाही पण समजून घ्यायचं आहे ते कळणं, हे सगळं त्यात आलं. खरा गोंधळ होतो तो असा की मूल धडा खाडखाड वाचून दाखवतं, जोडाक्षरंही कुठे अडत नाहीत, घरचे खुश, आणि मग "काय होतं गं धड्यात?" विचारलं की नुसतं तोंडाकडे बघत बसतं. वाचता येणं आणि वाचलेलं कळणं यांचा संबंध आहे, पण एक आलं म्हणून दुसरं आपोआप येईल अशी गॅरंटी नाही.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी 1986 साली हे एका सोप्या गुणाकारात मांडलं, अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले बोललेली भाषा समजण्याची क्षमता म्हणजे वाचन आकलन. बेरीज नाही, गुणाकार, हे महत्त्वाचं, कारण दोन्हीपैकी एक शून्य असलं तर उत्तर शून्यच. म्हणून अजून अक्षरांशीच झटापट चालू असलेल्या मुलाला "अर्थाकडे लक्ष दे" सांगण्यात फारसा पॉइंट नाही, त्याचं सगळं लक्ष काना-मात्रा जुळवण्यातच संपतं आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आधी वाचन सहज व्हायला हवं. पण तोपर्यंत आकलन थांबवून ठेवायचं असंही नाही, ते कानातून चालू ठेवता येतं, कारण लहान मुलांना स्वतः वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा बरंच जास्त ऐकून कळतं आणि हा फरक शाळेची बरीच वर्षं राहतो. म्हणजे मूल स्वतः वाचायला लागलं की त्याला वाचून दाखवणं बंद करायचं, ही जी पद्धत पडलीय ती चुकीचीच म्हणायला हवी.

आता धड्याखालच्या प्रश्नांबद्दल. हे वाचा: "टिंबूने झुंबीला सकाळीच घोमटलं, त्यामुळे झुंबी फार लिरपली." प्रश्न पहिला, टिंबूने झुंबीला कधी घोमटलं? प्रश्न दुसरा, झुंबी का लिरपली? दोन्हीची उत्तरं तुम्हाला देता येतात, पूर्ण वाक्यात देता येतात, फुल मार्क मिळतील, आणि कळलेलं मात्र काही नाही. मुलं हे फार लवकर शिकतात, प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची. शिवाय असे प्रश्न कळलं की नाही ते तपासतात, कसं कळून घ्यायचं ते शिकवत नाहीत. डोलोरेस डर्किन यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत वर्गात बसून निरीक्षण केलं तेव्हा वाचनाच्या तासातला एक टक्का वेळही आकलन शिकवण्यात जात नव्हता, त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्यायात जात होता.

अर्थ बऱ्याचदा दोन वाक्यांच्या मधल्या फटीत असतो. "मीनाने छत्री झटकली आणि दाराबाहेर उघडून ठेवली." पाऊस हा शब्दच नाही, पण मोठ्या माणसाला पाऊस दिसतो, मुलाला दिसेलच असं नाही. किंवा "राजूने सायकल समीरला दिली कारण त्याला घाई होती", इथे घाई कुणाला? समीरला, पण हे कळायला घाईतल्या माणसाला सायकल उपयोगी पडते हे डोक्यात असावं लागतं. अशा ठिकाणी थांबून "तुला कशावरून वाटलं?" एवढं विचारलं तरी खूप काम होतं, उत्तर चुकलं तरी मूल कुठे घसरलं ते सापडतं.

आणि इथेच माहितीचा मुद्दा येतो, जो मला सगळ्यात मोठा वाटतो. 1988 मध्ये डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे आकलन हे कुठल्याही मजकुराला सारखंच लागू पडणारं एकच स्किल नाही, विषय किती माहीत आहे यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे वर्कशीटच्या गठ्ठ्यापेक्षा मुंग्या, ग्रह, पूल कसे बांधतात, असं काहीबाही वाचून दाखवणं आणि त्यावर गप्पा मारणं जास्त कामाचं, एकाच विषयावरची तीन-चार पुस्तकं लागोपाठ घेतली तर अजून चांगलं कारण तेच शब्द वेगवेगळ्या जागी पुन्हा भेटतात.

काही युक्त्या शिकवता येतात. अ‍ॅनमरी पॅलिनसार आणि अ‍ॅन ब्राउन यांनी 1984 साली मांडलेल्या पद्धतीत मुलं छोट्या गटात आळीपाळीने शिक्षक होतात आणि पुढे काय होईल याचा अंदाज, स्वतः प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं आणि थोडक्यात सांगणं ही चार कामं करतात. अगदी लहानांसाठी चित्राच्या पुस्तकावर गप्पा मारत वाचन असतं, त्यात मूल गोष्ट सांगतं आणि मोठा माणूस ऐकतो, मध्ये मध्ये विचारतो, मुलाचं अर्धं वाक्य पुरं करून परत देतो. युक्त्यांचा अतिरेक मात्र नको, त्या लवकर शिकून होतात आणि मग दर पानावर अंदाज विचारत बसलं की गोष्टीचा जीव जातो.

आपल्याला कळत नाहीये हे कळणं, हा भाग लहान मुलांना विशेष अवघड. एलन मार्कमन यांनी 1979 मध्ये मुलांना एक उतारा दिला होता, समुद्राच्या तळाशी मिट्ट काळोख असतो, तिथे माशांना रंगसुद्धा दिसत नाहीत, आणि पुढे म्हटलेलं की तिथले काही मासे अन्न रंगावरून ओळखतात. बऱ्याच मुलांना यात काही खटकलंच नाही, सहावीतल्यासुद्धा. म्हणून मोठ्यांनी वाचताना मोठ्याने अडखळावं, "थांब, हे जमत नाहीये, मागची ओळ परत बघू" असं म्हणून खरंच मागे जावं.

अडचण नक्की कुठे आहे हे बघायला एक साधी गोष्ट करता येते, जो मजकूर वाचून कळला नाही तोच वाचून दाखवायचा. ऐकून कळला तर घोडं अक्षरवाचनात अडलंय, तिकडे मदत लागेल. ऐकूनही कळला नाही तर शब्दसंग्रह, विषयाची माहिती किंवा एकूण भाषेकडे बघायचं, आणि रोजच्या बोलण्यातल्या साध्या सूचनाही कळत नसतील तर आधी कान तपासून घ्यायचे आणि मग स्पीच थेरपिस्टला दाखवायचं.