ख्रिस्ती वाचन (सोलापूर)

ख्रिस्ती घरात बायबलच्या शेजारी जी पुस्तकं ठेवलेली असतात, म्हणजे गीतांचं पुस्तक, एखाद्या मिशनरीचं नाहीतर संताचं चरित्र, रोजच्या मननाचं पुस्तक, रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता आणि शेजारच्यांनी वाचायला नेलेलं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे', त्या सगळ्या वाचनाला मिळून इथं ख्रिस्ती वाचन म्हटलंय. सोलापुरात हे वाचन एका भाषेत होत नाही. चादरी-टॉवेलच्या या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळंच चालतं, त्यामुळं एकाच चर्चमध्ये भक्तीला बसलेल्या कुणाच्या घरी मराठी बायबल, म्हणजे 'पवित्र शास्त्र' असतं, कुणाच्या आजीकडं तेलुगू 'परिशुद्ध ग्रंथमु', तर अक्कलकोटकडच्या पाहुण्यांकडं कन्नड 'सत्यवेद'. नातवंडं मराठी नाहीतर इंग्लिश मिडियमची, त्यांची वेगळीच तऱ्हा. या नोंदीत मुख्यतः मराठी पुस्तकांचंच बोलायचंय.

सोलापूर हे अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांच्या संस्थेच्या, ठाण्यांपैकी एक. या मिशनचं मोठं केंद्र अहमदनगर (आता अहिल्यानगर), 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथंच सुरू झालं, त्यामुळं इथल्या प्रोटेस्टंट घरांच्या वाचनावर नगरची छाप पहिल्यापासून आहे. कॅथलिक मंडळी पुणे धर्मप्रांतात येतात, त्यांच्याकडं १९०३ पासून निघणारं 'निरोप्या' मासिक. नकाशा बघितला तर गंमत वाटते, की मराठी ख्रिस्ती साहित्यातली बरीच महत्त्वाची ठिकाणं सोलापूरच्या आसपासच पडतात: पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच, केडगाव पुण्याच्या रेल्वेलाईनवर, आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) तर अगदी शेजारी.

आधी गाणं, मग वाचणं

ख्रिस्ती पुस्तकांची ओळख बहुतेकांना कानातून होते. 'उपासना संगीत' हे मराठी प्रोटेस्टंट मंडळींचं गीतांचं पुस्तक, त्यातली गाणी लहानपणी संडे स्कूलला पाठ होतात, घरोघरच्या प्रार्थनासभेत पेटी-तबल्यावर म्हटली जातात, आणि यातलं अमुक गीत कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांचं, तमुक टिळकांचं, हे बऱ्याच वर्षांनी कळतं. मयताला आलेल्या माणसाला पुस्तक उघडावं लागत नाही, इतकी ती तोंडात बसलेली असतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची दोन रूपं आहेत. शाळेत शिकलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ते 'केवढे हे क्रौर्य' मधल्या घायाळ पाखराचे कवी म्हणून माहीत असतात, फुलामुलांचे कवी म्हणून. चर्चमध्ये तेच टिळक भजनांचे आणि अभंगांचे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना नवा करार वाचायला दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगितलं. टिळकांनी तो हातात पेन्सिल घेऊन वाचला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत, आणि वारीच्या वाटेवर राहणाऱ्या सोलापूरकराला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आषाढीला दिंड्या जातात तेव्हा कानावर पडतो तोच अभंगाचा छंद रविवारी चर्चमध्ये ऐकू येतो, नाव फक्त येशूचं. माझ्या मते टिळक टिकले ते यामुळंच. इंग्लिश चालींवर बसवलेली भाषांतरित गीतंही त्याच पुस्तकात आहेत आणि ती म्हटलीही जातात, पण डोळ्यात पाणी येतं ते टिळकांच्या ओळींना.

येशूचं चरित्र ओवीत सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांनी लिहायला घेतलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले ६४ अध्याय त्यांच्या बायकोनं लिहिले, जिला लग्नाआधी धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचं 'स्मृतिचित्रे' हे या सगळ्या यादीतलं एकमेव पुस्तक असेल जे ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोन्ही घरांत सारख्याच आवडीनं वाचलं जातं. १९३४ पासून भागाभागानं आलं, शेवटचा भाग त्या गेल्यावर मुलानं, देवदत्त टिळकांनी पूर्ण केला. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचं नाव पहिल्या दोनचारांत येतं, आणि वाचनालयात ते धार्मिक पुस्तकांच्या कपाटात शोधू नका, आत्मचरित्रांत बघा.

सुरुवातच वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून होते. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची, त्यापायी घरातल्या बायकापोरांचे हाल, आणि हे सगळं लक्ष्मीबाई असं सांगतात की हसावं की रडावं कळत नाही. मग लग्न, मग टिळकांचा स्वभाव: खिशात पैसा ठरत नाही, कधी उठून कुठं जातील सांगता येत नाही, कविता मात्र जिथं बसतील तिथं. आणि मग एक दिवस नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी येते. इथं कुठलाही प्रचारकी लेखक चार पानं प्रवचन झोडेल. लक्ष्मीबाई तसं काही करत नाहीत, त्या आपलं रडणं, लोकांचं बोलणं, पोराला घेऊन पंढरपुरात बहिणीच्या आधारानं काढलेले दिवस, नवऱ्यावरचा राग आणि त्याच्यावाचून न करमणं, हे सगळं जसंच्या तसं ठेवतात. वाचणाऱ्याला त्यांची बाजू पटते, टिळकांचीही पटते. पुढं काही वर्षांनी त्या स्वतः बाप्तिस्मा घेतात, पण त्याआधी मनात पक्कं होतं ते एवढंच की जातपात माणसानं केलेली, देवानं नाही, आणि मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरतं. एवढा मोठा उलथापालथीचा क्षण त्यांनी चारचौघांत सांगावा तितक्या साध्या भाषेत सांगितलाय.

सोलापूरच्या वाचकाला पंढरपूरचा भाग जास्त जवळचा वाटणार हे उघडच आहे. विठोबाच्या गावात, जिचा नवरा धर्म सोडून गेलाय अशी बाई कशी राहिली असेल, हे इथल्या माणसाला कल्पना न करताही दिसतं. साक्ष देणाऱ्या, म्हणजे मी ख्रिस्ती कसा झालो ते सांगणाऱ्या पुस्तकांत सहसा आधी सगळा अंधार आणि नंतर सगळा उजेड असतो. इथं तसं नाही, ख्रिस्ती झाल्यावरही पैशाची ओढाताण तीच, नवरा तोच, भांडणं तीच, आणि त्यामुळंच विश्वास ठेवावासा वाटतो. महिला मंडळात कुणी पुस्तक सुचवा म्हटलं की हेच नाव येतं यात नवल नाही.

केडगावच्या बाई

सोलापूरहून पुण्याला जाताना कुर्डुवाडी, दौंड मागं पडलं की केडगाव लागतं, बऱ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत म्हणून लक्षात येत नाही. पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठीची त्यांची संस्था, इथलं. 'स्त्रीधर्मनीती' (१८८२) आणि इंग्लिशमधलं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' (१८८७) ही त्यांची पुस्तकं अभ्यासकांच्या हातात जास्त, साध्या वाचकाला आवडावं असं म्हणजे अमेरिकेचं प्रवासवृत्त, १८८९ चं, त्यात एक मराठी बाई अख्ख्या अमेरिकेकडं टीकेच्या आणि कौतुकाच्या दोन्ही नजरांनी बघते. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम बायबलचं भाषांतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून, कमी शिकलेल्या बायकांनाही कळेल अशा मराठीत, आणि छपाई मिशनमधल्याच छापखान्यात, तिथल्या बायका-मुलींच्या हातानं. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं, तेव्हा रमाबाई नव्हत्या. आज चर्चमध्ये वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं भाषांतर, रमाबाईंचं क्वचितच दिसतं, हे मला खटकतं.

जुनी मंडळी आणि अलीकडची

फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' (१६१६) गोव्यातलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं, मूळ छापलं रोमन लिपीत. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही मराठीची थोरवी सांगणारी ओवी सगळ्यांना पाठ, आख्खं पुराण वाचलेला माणूस मात्र शोधून काढावा लागेल. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेला येते. यमुना आणि तिचा नवरा विनायक फिरत जातात आणि वाटेत विधवांच्या एकेक कहाण्या समोर येतात. कथा म्हणून आज जड वाटते, विषय मात्र अंगावर येतो. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' त्यापेक्षा जास्त वाचनीय आहे.

अलीकडच्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४). वसईचे, 'सुवार्ता' मासिकाचे बरीच वर्षं संपादक. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि बायबल हातात धरायला बिचकणाऱ्या मराठी वाचकाला द्यायचं झालं तर हेच द्यावं, टिपा आहेत, संदर्भ आहेत, भाषा आजची आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं त्याचे ते अध्यक्ष होते, या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवडीवरून थोडा वादही झाला, पण संमेलन शेजारच्याच गावात असल्यानं सोलापूरकरांना त्यांना ऐकायची संधी घराजवळ मिळाली.

बाहेरून आलेली पुस्तकं

जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' (१६७८) मराठीत फार लवकर आलं, हरि केशवजींनी १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' नावानं. पाठीवर ओझं घेऊन निघालेला यात्रेकरू ही गोष्ट पायी वारी बघितलेल्या लोकांना न आवडती तरच नवल. इंग्लिश वाचणाऱ्या तरुणांत सी. एस. लुईसचं 'मियर ख्रिश्चॅनिटी' चालतं, ते मुळात दुसऱ्या महायुद्धातली बीबीसीची रेडिओ भाषणं, म्हणून बोलल्यासारखं वाचलं जातं. कोरी टेन बूमचं 'द हायडिंग प्लेस' (१९७१) छळछावणीतून वाचलेल्या डच बाईचं, आणि क्षमा या विषयावर बोलायचं असलं की पाळकसाहेबांना त्याचा हमखास आधार. रोजच्या मननासाठी ऑस्वाल्ड चेंबर्सचं 'माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट': माणूस १९१७ मध्येच इजिप्तमध्ये वारला, बायकोनं शॉर्टहँडमध्ये उतरवून ठेवलेल्या प्रवचनांतून १९२७ मध्ये पुस्तक केलं. आपल्याकडचे साधू सुंदरसिंग वेगळेच, पंजाबातले, भगवी कफनी घालून फिरणारे, १९२९ मध्ये तिबेटकडं गेले ते परत आलेच नाहीत. छोटी पुस्तकं, गुरू-शिष्यासारखा संवाद, भाषांतर झालं तरी चव जात नाही.

मोबाईलवर बायबल आल्यापासून चर्चला पुस्तक घेऊन जाणारे कमी झालेत, गीतंसुद्धा पडद्यावर दिसतात, तरी गीतांचं पुस्तक नवरा-नवरीला भेट द्यायची पद्धत अजून आहे. 'स्मृतिचित्रे' विकत घेणाऱ्यांनी एवढं बघावं की संक्षिप्त आवृत्ती आहे की संपूर्ण, बाजारात दोन्ही मिळतात, आणि घ्यायचीच तर संपूर्ण घ्यावी, अशोक टिळकांनी संपादित केलेली. इंग्लिशमध्ये वाचणाऱ्या मुलांसाठी शांता गोखले यांचं २०१७ चं भाषांतर आहे.