उन्हाळी सहलीचा डबा: थोडी पार्श्वभूमी

मे महिन्यात जोडून सुट्टी आली की घरोघरी डब्यांचा विचार सुरू होतो. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, आंबेडाळ, दहीभात आणि बाटलीत पन्हं. घरी सहज होणारे, मुलं आणि म्हातारी माणसं दोघंही खातील असे पदार्थ. गंमत म्हणजे यातला जवळजवळ एकही पदार्थ सहलीसाठी जन्माला आलेला नाही. उन्हाळ्यात घराबाहेर बसून जेवायची आपली जुनी रीतच नाही. आवळीभोजन कार्तिकातलं, हुरडा थंडीतला. चैत्र-वैशाखात दुपारी ओसरीवर आडवं व्हायचं, उन्हात हिंडायचं नाही, हे शहाणपण सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळी सहल आली ती शाळांच्या आणि कोर्टकचेऱ्यांच्या मे महिन्याच्या सुट्टीमुळे. म्हणजे ती कॅलेंडरची देणगी, हवामानाची नव्हे. तिच्यासाठी वेगळं खाणं तयार झालं नाही. घरात आधीपासून असलेल्या दोन निराळ्या परंपरांतून आपण ते उचललं.

पहिली परंपरा शिदोरीची. बाजारहाट, जत्रा, वारी, लग्नाची वऱ्हाडं, माहेरी निघालेली लेक, सगळ्यांबरोबर फडक्यात बांधलेलं काहीतरी असायचंच. या खाण्याची अट एकच, ते टिकलं पाहिजे. म्हणून त्यात पाणी कमी. भाकरी कडक करायची, चटणी कोरडी कुटायची, भाजी असलीच तर बिनरश्श्याची. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. त्याला सोवळ्याओवळ्याचीही जोड होती. पाण्यात भिजवलेल्या कणकेची पोळी खरकटी, दुधातली दशमी मात्र फराळात मोडणारी, त्यामुळे कर्मठ घरांतली माणसंही प्रवासात ती खाऊ शकत. नियम कडक ठेवायचा आणि त्यातून सोयीची वाट काढायची, ही आपली जुनीच तऱ्हा.

मराठवाडा आणि सोलापूरकडचं धपाटं याच घरातलं. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, हिरवी मिरची, लसूण, जिरं, कोथिंबीर, तीळ, आणि भिजवायला ताक किंवा दही. ओल्या फडक्यावर गोळा थापायचा, मध्ये बोटाने भोक पाडायचं, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथा करायचा आणि फडकं हलक्या हाताने सोडवून घ्यायचं. भोकात तेलाचे दोन थेंब सोडले की मधला भागही नीट भाजतो. दह्याचा आंबटपणा, तेल आणि खरपूस भाजणं यामुळे धपाटं दिवसभर चांगलं राहतं. सोबत सोलापुरी शेंगाचटणी असली तर भाजीची आठवण होत नाही.

शिदोरी वाटून खाण्याची कल्पनाही जुनी आहे. गोपाळकाल्यात गोप आपापल्या शिदोऱ्या एकत्र करतात आणि श्रीकृष्ण ते सगळ्यांना वाटतो. यावर तुकाराम महाराजांचे आणि इतर संतांचे अभंग आहेत, आणि आजही नामसप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. पोहे, लाह्या, दही, काकडी, लोणचं, ज्याच्याकडे जे असेल ते त्यात पडतं. सहलीला पाच घरांचे डबे उघडून मधोमध ठेवतात तेव्हा तोच व्यवहार चालतो, फक्त कुणी कीर्तन करत नाही.

दुसरी परंपरा अगदी उलट्या स्वभावाची. ती ओली, थंड, आणि घरातच बसून खायची. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर पाळण्यात बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघरी हळदीकुंकू चालतं. बायकांना आंबेडाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाच्या फोडी. हे सगळं ऋतूला धरूनच होतं. कैरी नुकतीच धरलेली, उन्हाची तलखी सुरू झालेली, आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी उभं राहणं नकोसं झालेलं.

आंबेडाळीत तर डाळ शिजवतच नाहीत. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, उपसून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर आणि वरून मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी. फोडणी गार करून घालावी, म्हणजे कैरीचा करकरीतपणा जात नाही. वाटताना डाळ गुळगुळीत झाली तर मजा गेली. तीत हिरवी मिरची असते, म्हणजे आजच्या रूपातली आंबेडाळ पोर्तुगीज आल्यानंतरची. मिरची अमेरिकेतून त्यांच्या जहाजांबरोबर इकडे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा असे. कर्नाटकात रामनवमीला पानक आणि कोसंबरी देतात. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, कधी कैरी, खोबरं आणि फोडणी. आपल्या आंबेडाळीची ती सख्खी बहीणच म्हणायची. सीमा राज्यांना असते, फोडणीला नसते.

पन्ह्याची वंशावळ आणखी लांब जाते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने 1130च्या सुमारास संस्कृतात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या धाराशिव-लातूरच्या शेजारचं. राजाने काय खावं, काय प्यावं, पाणी कसं सुगंधी करावं याचा त्यात तपशीलवार विचार आहे. फळांची पेयं आहेत आणि श्रीखंडाची पूर्वज असलेली शिखरिणीही आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद याच ग्रंथातली. राजवाड्यातलं पेय आणि सामान्य घरातलं पन्हं एकच होतं असं समजायचं कारण नाही. पण आंबट फळ, गोडवा आणि सुवास ही तिकडी या भागात किमान नऊशे वर्षं चालत आली आहे. घरच्या पन्ह्यात उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा, हौस असली तर केशर. साखरेचं पन्हं दिसायला देखणं, पण गुळाचं पन्हं उन्हातून आलेल्या माणसाला जास्त बरं वाटतं, असं माझं मत.

कोकणाने यात आपली भर घातली. कोकमाचं आगळ पाण्यात घालून केलेलं सरबत, नारळाच्या रसातली सोलकढी आणि दडपे पोहे. या पोह्यांना फोडणीपुरताच विस्तव लागतो. पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, मीठ, साखर, लिंबू आणि नारळाचं पाणी घालून कालवायचं आणि वर झाकण ठेवून, त्यावर वजन देऊन पंधरा-वीस मिनिटं दडपायचं. पोहे आपसूक भिजतात. नारळ फोडल्याशिवाय ज्या घरात दिवस जात नाही, तिथेच हे सुचणार.

आता प्रश्न असा की टिकणारी शिदोरी आणि न टिकणारं चैत्रातलं खाणं एका पिशवीत आलं कसं? त्यामागे स्वयंपाकाबाहेरची कारणं आहेत, आणि मला वाटतं तीच जास्त महत्त्वाची आहेत.

पहिलं कारण रविवार. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस भोंगा वाजत असे. सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि इतर मागण्यांबरोबर साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यात पुढे केलं होतं. अखेर 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सरकारी कचेऱ्यांतल्या बाबूंना ती आधीपासून होतीच. कामगाराला ती लढून मिळवावी लागली. आज 'रविवारी कुठे जायचं' असं आपण सहज विचारतो, त्याच्या मुळाशी हा लढा आहे आणि सहलीच्या गप्पांत तो क्वचितच निघतो.

दुसरं कारण आगगाडी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या दहा वर्षांत बोरघाटातून लोहमार्ग गेला आणि खंडाळा-लोणावळा मुंबईच्या आवाक्यात आलं. माथेरान हे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरलेलं ठिकाण. तिथे 1907 मध्ये नेरळहून छोटी गाडी जाऊ लागली. दख्खनची राणी 1 जून 1930 रोजी सुरू झाली तेव्हा ती फक्त शनिवार-रविवारची गाडी होती. सुरुवातीला या साऱ्याचा लाभ साहेबांना आणि शेठजींना, मग हळूहळू चाळीतल्या कुटुंबांना. सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येऊ लागलं तेव्हा डब्याचा हिशेब बदलला. चार दिवस टिकण्याची गरज उरली नाही, सहा तास टिकलं तरी पुरे. आंबेडाळ आणि दहीभात सहलीत शिरले ते या सहा तासांच्या फटीतून.

तिसरं कारण भांड्याचं. घरात भांडी पितळेची आणि तांब्याची. त्यांत आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवट होतं, खाल्लं तर मळमळतं. उपाय कल्हईचा. कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, भांडं तापवून आत नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवायची की आतून भांडं चांदीसारखं. पण कल्हई झिजते, आणि झाकणंही सैल असायची. अशा डब्यात कैरीची डाळ किंवा ताक घेऊन गाडीत बसणं म्हणजे जोखीमच. स्टेनलेस स्टील स्वस्त होत गेलं आणि चित्र पालटलं. दुपारी बोहारीण यायची, जुन्या जरीच्या साड्या आणि पँटी घासाघीस करून उचलायची आणि बदल्यात स्टीलचा डबा द्यायची. घट्ट बसणारं झाकण आणि आंबटाला न घाबरणारा धातू, यामुळे ओलं खाणं प्रवासाला निघालं. मागाहून प्लास्टिकच्या बाटल्या आणि थर्मास आले.

थंडाव्याचं मात्र जुनंच बरं होतं, असं अजूनही वाटतं. बर्फ अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने यायचा. 1833 मध्ये तो पहिल्यांदा कलकत्त्याला उतरला आणि लवकरच मुंबईतही त्याच्यासाठी बर्फघर झालं, पण ती श्रीमंतांची चैन. बाकीच्यांना माठ आणि वाळा. सिंहगडावर आजही मडक्यातलं दही मिळतं. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं आणि वाऱ्याने उडून जाताना मडकं थंड करतं. त्यातच दह्यातलं पाणी शोषलं जाऊन ते घट्ट होतं. चढून आलेल्या माणसाला पिठलं-भाकरीनंतर ते दही मिळालं की खाली हॉटेलात जायचं मनात येत नाही.

मधल्या काळात पाहुणेही पुष्कळ आले आणि घरचेच झाले. बटाटा अमेरिकेतला, पण पुरीबरोबरची त्याची सुकी भाजी आता आपलीच. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, तोही कंद मूळचा तिकडचाच. दुसऱ्या महायुद्धात आयात अडल्यावर तमिळनाडूतल्या सेलम भागात तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. शेंगदाणा आणि मिरचीही तिकडच्याच, म्हणजे उपवासाची खिचडी जवळजवळ पूर्ण परदेशी. हिरव्या चटणीचं सँडविच, सुकी भेळ यांचं निराळं सांगायला नको.

फेब्रुवारी 2020च्या अखेरीपासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्यामुळे एका दिवसाच्या सहलीची जागा मुक्कामाने घेतली आणि जेवण कृषी पर्यटन केंद्रात किंवा हॉटेलात होऊ लागलं. डबा आता फक्त जातानाच्या प्रवासापुरता. त्यातही जुनी विभागणी कामाला येते. दशम्या, चटणी, पुऱ्या आणि पन्ह्याचा गर आदल्या रात्री करून ठेवावा, पाणी तिथे गेल्यावर घालावं. आंबेडाळ निघायच्या सकाळीच वाटावी आणि दुपारच्या आत संपवावी, भिजलेली डाळ मे महिन्यात पटकन आंबते. दहीभात दह्यात कालवून नेला तर पोचेपर्यंत आंबट होतो. त्यापेक्षा गार झालेला मऊ भात कोमट दुधात सैल कालवावा, त्यात चमचाभर दही मिसळावं, डबा बंद करावा आणि फोडणी छोट्या डबीत वेगळी घ्यावी. गाडी घाट चढेपर्यंत भात डब्यातच विरजतो.