जस्त धरतं घडी, बोटं वाचतात डीएनए

यकृतातली पेशी आणि मेंदूतली पेशी, दोघींकडे डीएनए एकच. फरक पडतो तो कोणती जनुकं कामाला लागली आणि कोणती गप्प राहिली यामुळे. हे ठरवणाऱ्या प्रथिनांतला एक मोठा गोतावळा म्हणजे झिंक फिंगर, म्हणजेच ‘जस्ताची बोटं’ असलेली प्रथिनं. त्यांच्या सर्वांत मोठ्या घराण्याची ७०० हून अधिक जनुकं माणसात आहेत.

झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींतलं एक प्रथिन तपासताना ॲरन क्लुग आणि सहकाऱ्यांना १९८५ मध्ये त्यात सुमारे ३० अमिनो आम्लांची तीच रचना ओळीने नऊ वेळा दिसली. असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक बोट. त्यात दोन सिस्टीन, दोन हिस्टिडीन ही अमिनो आम्लं आणि त्यांनी धरलेला जस्ताचा एक आयन. गंमत म्हणजे जस्त स्वतः डीएनएला शिवतही नाही. इतक्या छोट्या तुकड्याची घडी टिकवणं एवढंच त्याचं काम. ते काढून घेतलं की घडी मोडते. घडी नीट असेल, तर तिच्यातला सर्पिल भाग डीएनएच्या रुंद खाचेत बसतो आणि डीएनएची साधारण तीन अक्षरं (म्हणजे त्याच्या साखळीतले घटक) ओळखतो.

तीन अक्षरांनी काय होतं? काहीच नाही. तीन बोटं मिळून नऊ अक्षरं वाचली, तरी तसा क्रम आपल्या तीन अब्ज अक्षरांत निव्वळ योगायोगाने ११ हजारांहून जास्त ठिकाणी सापडेल. सहा बोटांची १८ अक्षरं मात्र एखादीच जागा गाठू शकतात, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात शेजारची बोटं एकमेकांच्या वाचनात ढवळाढवळ करतात.

बोटं फक्त जागा शोधतात. तिथे पुढे काय होणार, ते प्रथिनाच्या उरलेल्या भागावर अवलंबून. त्याने आरएनए बनवणारी यंत्रणा बोलावली तर जनुक चालू. ‘क्रॅब’ नावाचा भाग असेल, तर तो डीएनए घट्ट गुंडाळायला लावणाऱ्या प्रथिनांना बोलावतो आणि जनुक बंद पडतं.

बंद करणाऱ्यांपैकी बीसीएल११ए हे प्रथिन (क्रॅब नसलेलं) जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन थांबवतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णाला नेमकं तेच हिमोग्लोबिन उपयोगी असतं. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या क्रिस्पर (डीएनए नेमक्या जागी कापून बदलण्याचं तंत्र) उपचारात रुग्णाच्या रक्तमूलपेशी बाहेर काढून बदल करतात, पण बीसीएल११ए जनुकाला थेट हात लावत नाहीत, कारण इतर पेशींना ते हवं असतं. लाल रक्तपेशींच्या वंशातच त्याला जोर देणारा डीएनएचा छोटा पट्टा तेवढा बिघडवतात. त्या पट्ट्यावर एरवी येऊन बसणारं गाटा१ हेही झिंक फिंगर प्रथिनच, फक्त त्याच्या बोटांत जस्ताला चार सिस्टीन धरतात.